ऑस्ट्रेलियन ओपन २०२४ची पुरुष दुहेरी: रोहन बोपण्णाने नेमकं काय जिंकलं?

२७ जानेवारी २०२४, शनिवारची रात्र. मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरिनावर भारताचा रोहन बोपण्णा आणि ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन या जोडीने इटलीच्या सिमोने बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी यांना ७-६, ७-५ असं हरवलं आणि ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. मॅच १ तास ३९ मिनिटं चालली. बोपण्णाचं वय त्या दिवशी ४३ वर्षं ३२९ दिवस होतं. रॉजर फेडरर त्याच्यापेक्षा जवळपास दीड वर्षाने लहान, आणि तो २०२२ मध्येच निवृत्त होऊन घरी बसला होता.

बातमी आली तशी सोशल मीडियावर अभिनंदनाच्या पोस्टची रांग लागली. त्यात तीन दावे पुन्हा पुन्हा दिसत होते. एक, बोपण्णा हा सर्वात वयस्कर ग्रँड स्लॅम विजेता. दोन, हे त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम. तीन, ही फायनल जिंकून तो जगात एक नंबर झाला. तिन्हींमध्ये थोडं खरं आहे, पण तिन्ही जसेच्या तसे घेतले तर चूक आहेत. गंमत अशी की खरी गोष्ट या दाव्यांपेक्षा जास्त भारी आहे. ती कळायला मात्र दुहेरीची स्पर्धा कशी चालते, हे आधी माहीत हवं.

६४ जोड्या, सहा फेऱ्या

ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष दुहेरीच्या ड्रॉमध्ये ६४ जोड्या असतात. विजेतेपदासाठी सहा मॅच जिंकाव्या लागतात. एकेरीत १२८ खेळाडू आणि सात फेऱ्या असतात, म्हणजे दुहेरीत एक फेरी कमी. शिवाय पुरुष एकेरीची मॅच पाच सेटची असते, तर दुहेरीची तीन सेटची. दोन सेट जिंकले की मॅच खिशात.

सेटमध्ये ६-६ अशी बरोबरी झाली की टायब्रेक खेळला जातो. पहिल्या दोन सेटमध्ये तो ७ पॉइंटचा असतो, तर तिसऱ्या म्हणजे निर्णायक सेटमध्ये १० पॉइंटचा. दोन्हींमध्ये किमान दोन पॉइंटची आघाडी लागते. निर्णायक सेटसाठी १० पॉइंटचा टायब्रेक ही पद्धत मेलबर्नमध्ये २०१९ पासून आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांमध्ये दुहेरीत तिसरा सेट खेळवलाच जात नाही. एक-एक सेट झाला की थेट १० पॉइंटचा सुपर टायब्रेक होतो. गेममध्ये ४०-४० झालं तर पुढचा एकच पॉइंट निर्णायक ठरतो, ॲडव्हांटेज वगैरे भानगड नाही. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हेच पाहिलं असेल. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ या जोडीला फायनलमध्ये ६-७, ६-३, १०-६ असं हरवलं होतं. शेवटचा आकडा सेटचा नाही, सुपर टायब्रेकचा आहे. ग्रँड स्लॅममध्ये मात्र तिसरा सेट पूर्ण खेळावा लागतो. त्यामुळे नशिबाचा वाटा थोडा कमी होतो आणि गुडघ्यांचं काम थोडं वाढतं.

गुडघ्यांचा विषय पुढे येणारच आहे.

एकाच कोर्टवरचा वेगळाच खेळ

एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद असतं. दुहेरीत दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या धरून ते ३६ फूट होतं. म्हणजे कोर्ट वाढलं नऊ फुटांनी, पण माणसं झाली दुप्पट. प्रत्येकाच्या वाट्याला १८ फूट रुंदी आली. एकेरीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धावण्यातच जीव जातो. दुहेरीत ते धावणं बरंच कमी होतं. त्याच्या जागी येतात प्रतिक्रियेचा वेग, सर्व्हिस, नेटजवळची व्हॉली आणि जोडीदाराशी असलेलं गणित.

सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटजवळ उभा असतो. पॉइंट सुरू होण्याआधी तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो: या वेळी मी आडवा जाणार की जागेवर थांबणार. कधी तो कोर्टच्या मधोमध जवळजवळ बसकण मारतो, जेणेकरून सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जावी आणि तो डावीकडे झेपावेल की उजवीकडे, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळू नये. सर्व्हिस परतवणाऱ्याला मग दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात: बॉल कुठे येतोय आणि नेटजवळचा माणूस कुठे निघालाय. फटका जरा उंच उडाला की नेटवरचा खेळाडू तो संपवून टाकतो.

म्हणूनच चांगल्या जोड्यांची सर्व्हिस भेदणं फार अवघड असतं आणि मॅच वारंवार टायब्रेकपर्यंत जातात. दोन तुल्यबळ जोड्यांमध्ये पूर्ण सेटभर एकही ब्रेक नाही, असं सर्रास घडतं. अशा खेळात दमसासापेक्षा मोठी सर्व्हिस, शांत डोकं आणि अनुभव यांची किंमत वाढते. बोपण्णाची ओळख सुरुवातीपासून त्याच्या जबरदस्त सर्व्हिसमुळेच आहे. एकेरीत त्याची मजल २००७ मध्ये २१३व्या क्रमांकापर्यंतच गेली. दुहेरीत तीच सर्व्हिस त्याला वीस वर्षं पुरली.

याचा अर्थ दुहेरी म्हणजे निवृत्तांचा खेळ असा मात्र नाही. त्याच वीकेंडला पुरुष एकेरी जिंकणारा यानिक सिनर २२ वर्षांचा होता. दुहेरीत वयाची मुभा जास्त असली, तरी ४३ हा आकडा दुहेरीतही कुणाच्या हिशेबात नव्हता.

जोडी कशी होती?

बोपण्णा आणि एब्डन २०२३ च्या सुरुवातीपासून एकत्र खेळत होते. गंमत म्हणजे त्या वर्षी याच मेलबर्नमध्ये ही जोडी पहिल्याच फेरीत हरली होती. नंतर मात्र गाडी सुसाट सुटली. दोहा जिंकलं. मार्च २०२३ मध्ये इंडियन वेल्सला कूलहॉफ-स्कुप्स्की या जोडीला हरवून मास्टर्स स्पर्धा जिंकली, आणि बोपण्णा ४३ व्या वर्षी मास्टर्स जिंकणारा सर्वात वयस्कर खेळाडू ठरला. विम्बल्डनची सेमीफायनल गाठली. सप्टेंबरमध्ये यूएस ओपनच्या फायनलमध्ये राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याविरुद्ध पहिला सेट ६-२ असा घेतला आणि मग मॅच घालवली.

एब्डन पर्थचा. तेव्हा वय ३६. त्याच्याकडे विम्बल्डन होतं, २०२२ मध्ये मॅक्स परसेलबरोबर मिळवलेलं. पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल तो आणि परसेल हरले होते. समोर होते निक किर्गिओस आणि थनासी कोक्किनाकिस. आपल्याच देशात, आपल्याच दोन पोरांकडून हरणं, तेही अख्खं स्टेडियम समोरच्यांच्या बाजूने असताना. ते कसं वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

बोपण्णाचा हिशेब अजून जुना होता. २०१० मध्ये तो पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर यूएस ओपनच्या फायनलला पोचला आणि ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट टायब्रेकमध्ये हरला. पुरुष दुहेरीची पुढची ग्रँड स्लॅम फायनल गाठायला त्याला १३ वर्षं लागली. ती म्हणजे वर सांगितलेली २०२३ ची यूएस ओपन, तीही हरला. आणि मेलबर्नमध्ये तर पुरुष दुहेरीत तो याआधी कधी तिसऱ्या फेरीच्या पुढेच गेला नव्हता.

दुसरं मानांकन घेऊन ही जोडी २०२४ च्या स्पर्धेत उतरली, ती या पार्श्वभूमीवर.

सात टायब्रेक

पुढचे निकाल नीट पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते.

पहिल्या फेरीत समोर जेम्स डकवर्थ आणि मार्क पोलमन्स ही स्थानिक जोडी होती. पहिला सेट बोपण्णा-एब्डनने टायब्रेकमध्ये ७-५ असा घेतला. दुसरा ४-६ असा गेला. तिसरा पुन्हा ६-६. म्हणजे दुसऱ्या मानांकनाची जोडी पहिल्याच दिवशी एका टायब्रेकवर लटकलेली. तो त्यांनी १०-२ असा जिंकला. हा टायब्रेक उलटा गेला असता तर या लेखाला विषयच राहिला नसता.

दुसरी फेरी सोपी गेली. जॉन मिलमन आणि एडवर्ड विंटर यांच्यावर ६-२, ६-४. मिलमनने ही आपली शेवटची स्पर्धा असेल असं आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे कोर्टभोवती गर्दी त्याच्यासाठी होती.

तिसऱ्या फेरीत वेस्ली कूलहॉफ आणि निकोला मेक्टिच. दोघेही दुहेरीत कधी ना कधी जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेले. निकाल ७-६, ७-६. पहिला टायब्रेक १०-८, दुसरा ७-४. पहिल्या टायब्रेकमध्ये तर एखाद-दुसरा फटका इकडचा तिकडे झाला असता तर चित्र बदललं असतं.

२४ जानेवारीला क्वार्टरफायनलमध्ये अर्जेंटिनाच्या सहाव्या मानांकित मॅक्सिमो गोन्झालेझ आणि आंद्रेस मोल्तेनी यांच्यावर ६-४, ७-६ असा विजय. दुसऱ्या दिवशी सेमीफायनलला चेक प्रजासत्ताकाचा टोमाश माखाच आणि चीनचा झँग झिझेन ही बिगरमानांकित जोडी. दोघेही मूळचे एकेरीचे खेळाडू, फटके तोफेसारखे. बोपण्णा-एब्डनने पहिला सेट ६-३ असा जिंकला, दुसरा ३-६ असा गमावला आणि तिसऱ्यात पुन्हा ६-६. टायब्रेक १०-७.

फायनलमध्ये बोलेली-वावासोरी याही जोडीला मानांकन नव्हतं. पहिल्या सेटमध्ये कुणाचीच सर्व्हिस भेदली गेली नाही. टायब्रेक सुरू झाला आणि तो बघता बघता ७-० असा संपला. इटालियन जोडीला एक पॉइंटही मिळाला नाही. दुसऱ्या सेटमध्ये ५-५ पर्यंत पुन्हा तेच, आणि अकराव्या गेममध्ये अख्ख्या मॅचमधला एकमेव ब्रेक मिळाला. पुढचा गेम आपल्या सर्व्हिसवर जिंकून बोपण्णा-एब्डनने मॅच संपवली.

आता गोळाबेरीज. सहा मॅचमध्ये त्यांनी १४ सेट खेळले, १२ जिंकले. या १२ पैकी ७ सेट टायब्रेकमध्ये जिंकले. संपूर्ण स्पर्धेत ते सात टायब्रेक खेळले आणि सातही जिंकले. त्यातले पाच जरी कसेबसे दोन-तीन पॉइंटच्या फरकाने जिंकले असले, तरी फायनलमधला टायब्रेक त्यांनी एकही पॉइंट न देता घेतला, हे विसरता येत नाही. दुहेरीत अनुभव म्हणजे काय, असा प्रश्न पडला तर उत्तर या सात आकड्यांमध्ये आहे. सर्वसाधारण गेममध्ये तरुण जोड्या त्यांच्या बरोबरीनेच चालत होत्या. ६-६ झालं की मात्र दोन्ही बाजूंमध्ये फरक पडत होता.

'एक नंबर' कधी झाला?

टेनिसमध्ये मानांकन आणि क्रमवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानांकन एका स्पर्धेपुरतं असतं आणि दुहेरीत ते जोडीला मिळतं. क्रमवारी कायम चालू असते आणि ती प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते. दुहेरीतही. जोडीदार बदलला तरी पॉइंट ज्याचे त्याच्याजवळ राहतात. म्हणूनच बोपण्णा पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा एब्डन दुसऱ्या क्रमांकावर होता, दोघं वर्षभर एकत्र खेळत असूनही. कारण एखाद-दुसरी स्पर्धा ते वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर खेळले होते.

क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर ठरते. या वर्षी एखाद्या स्पर्धेत मिळालेले पॉइंट पुढच्या वर्षी त्याच सुमारास वजा होतात. त्यामुळे मागच्या वर्षी जिंकलेल्याला यंदा पॉइंट 'राखायचे' असतात. मागच्या वर्षी लवकर हरलेल्याला गमावण्यासारखं काही नसतं. २०२३ मध्ये मेलबर्नला पहिल्या फेरीत बाहेर पडल्याचा फायदा झाला तो असा. बोपण्णाच्या खात्यातून वजा काहीच होणार नव्हतं, जे मिळेल ते निव्वळ वाढ.

इथे कुणी म्हणेल, २०२३ मध्ये तर बोपण्णा सानिया मिर्झाबरोबर मेलबर्नच्या फायनलला होता की! होता, पण मिश्र दुहेरीत. सानियाची ती शेवटची ग्रँड स्लॅम होती. मिश्र दुहेरीला क्रमवारीचे पॉइंट नसतात. बक्षिसाची रक्कम मिळते, ट्रॉफी मिळते, क्रमवारी हलत नाही.

ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत विजेत्याला २००० पॉइंट, उपविजेत्याला १२००, सेमीफायनलमध्ये हरलेल्याला ७२० आणि क्वार्टरफायनलपर्यंत गेलेल्याला ३६० पॉइंट मिळतात. २०२४ च्या स्पर्धेआधी बोपण्णा तिसऱ्या क्रमांकावर होता आणि पहिल्यावर अमेरिकेचा ऑस्टिन क्रायचेक. २४ जानेवारीची क्वार्टरफायनल जिंकून सेमीफायनलचे पॉइंट पक्के झाले, तेव्हाच बोपण्णा नंबर वन होणार हे ठरलं. म्हणजे फायनलच्या तीन दिवस आधी. अधिकृत यादी लागली २९ जानेवारीला, फायनलनंतरच्या सोमवारी.

त्या आठवड्यात एवढंच घडलं नाही. २५ जानेवारीला सेमीफायनल जिंकली, आणि त्याच दिवशी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कार जाहीर झाले, त्यात बोपण्णाला पद्मश्री होती. बुधवारी नंबर वन, गुरुवारी फायनलमध्ये प्रवेश आणि पद्मश्री, शनिवारी ग्रँड स्लॅम. खेळाडूंच्या अख्ख्या कारकिर्दीत जे मावत नाही, ते चार दिवसांत.

दुहेरीत जगात अव्वल ठरलेला तो चौथा भारतीय. आधीचे तीन म्हणजे लिएंडर पेस, महेश भूपती आणि सानिया मिर्झा. त्याच्या आधी पुरुष दुहेरीत सर्वात मोठ्या वयात पहिल्या क्रमांकावर राहिलेला खेळाडू होता अमेरिकेचा माइक ब्रायन, ४१ व्या वर्षी. पण ब्रायन तिथे अनेकदा जाऊन आला होता. बोपण्णा पहिल्यांदाच पोचला.

विक्रम नेमका कोणता?

'सर्वात वयस्कर ग्रँड स्लॅम विजेता' हे वाक्य अर्धवट आहे. मार्टिना नवरातिलोव्हाने २००६ मध्ये बॉब ब्रायनबरोबर यूएस ओपनची मिश्र दुहेरी जिंकली तेव्हा ती ४९ वर्षांची होती. बोपण्णाचा विक्रम असा आहे: खुल्या युगात, म्हणजे १९६८ पासून, पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारा तो सर्वात वयस्कर खेळाडू. हा मान आधी नेदरलँड्सच्या जाँ-ज्युलियन रॉयरकडे होता. २०२२ मध्ये त्याने फ्रेंच ओपन जिंकली तेव्हा तो ४० वर्षं ९ महिन्यांचा होता. रॉयरच्या आधी? लिएंडर पेस. २०१३ मध्ये यूएस ओपन जिंकताना पेसने नुकतीच चाळिशी ओलांडली होती. बोपण्णाने विक्रम मोडला तो तब्बल तीन वर्षांच्या फरकाने.

'पहिलं ग्रँड स्लॅम' हेही तसंच. बोपण्णाने २०१७ मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्हस्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकलेली आहे. पुरुष दुहेरीतलं मात्र हे पहिलंच. त्यासाठी त्याला ६१ वेळा ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत उतरावं लागलं, आणि एब्डन हा त्यातला त्याचा १९वा जोडीदार.

भारतीय पुरुषांपैकी मेलबर्नमध्ये पुरुष दुहेरी जिंकणारा तो दुसरा. पहिला पेस, २०१२ मध्ये रादेक श्टेपानेकबरोबर. पेस-भूपती ही जोडी मेलबर्नला दोनदा फायनलमध्ये हरली, १९९९ आणि २०११ मध्ये. भूपती २००९ मध्ये मार्क नोल्सबरोबर आणखी एकदा हरला. भारतीय दुहेरीच्या सर्वात गाजलेल्या जोडीला जे मैदान कधी लाभलं नाही, ते बोपण्णाला लाभलं.

गुडघे आणि पुण्यात घडलेला योग

२०२१ च्या सुरुवातीला बोपण्णा सलग काही महिने एकही मॅच जिंकू शकला नव्हता. पोर्तुगालमध्ये एस्तोरीलच्या स्पर्धेवेळी समुद्राकडे पाहत बसलेलो असताना हे सगळं आपण कशासाठी करतोय, घरी बायको आणि लहान मुलगी आहे, आता थांबावं का, असा विचार मनात आल्याचं त्याने नंतर सांगितलं. वय तेव्हा ४१.

त्याच्या दोन्ही गुडघ्यांमधली कूर्चा झिजून संपलेली होती. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळणं चालू होतं. कोरोनाच्या काळात त्याने अय्यंगार योग सुरू केला आणि पाय, खांदे बळकट झाल्यामुळे गुडघ्यांवरचा भार हलका झाला, गोळ्या सुटल्या, असं तो सांगतो. दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे वापरून आसनं करायची ही पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांची. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि तिथलेच झाले. शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ पासून सुरू आहे.

योगाने ग्रँड स्लॅम मिळतं, असा याचा अर्थ नाही, आणि तसा फॉरवर्ड आलाच तर पुढे ढकलू नये. कूर्चा परत आली नाही. फिजिओ, विश्रांतीचं काटेकोर वेळापत्रक, कमी स्पर्धा आणि एक समजूतदार जोडीदार हे सगळं बरोबर होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने लखनौला मोरोक्कोविरुद्ध शेवटची डेव्हिस कप लढत खेळून ती जबाबदारीही उतरवली होती.

पैसे आणि रिकाम्या खुर्च्या

२०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३१.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७ लाख ३० हजार, तेही दोघांत मिळून. म्हणजे बोपण्णाच्या वाट्याला ३ लाख ६५ हजार. सिनरला त्याच्या साडेआठ पटींहून जास्त मिळाले.

दुहेरीच्या खेळाडूंना ही तफावत नवी नाही. २००५ मध्ये एटीपीने दुहेरीचे नियम बदलायला घेतले, तेव्हा पुढेमागे दुहेरीत फक्त एकेरीच्या ड्रॉमधल्या खेळाडूंनाच प्रवेश द्यावा, असाही प्रस्ताव होता. तो लागू झाला असता तर निव्वळ दुहेरी खेळणाऱ्यांचा धंदाच बसला असता. ब्रायन बंधूंसह अनेक खेळाडू अमेरिकेत कोर्टात गेले. शेवटी तडजोड झाली. प्रवेशाची ती अट गेली, त्या बदल्यात सुपर टायब्रेक आणि ४०-४० नंतरचा एकच पॉइंट हे नियम २००६ पासून आले. एकेरीत कधीही पहिल्या शंभरात न पोचलेला बोपण्णा, तो प्रस्ताव टिकता तर, २०१० च्या यूएस ओपन फायनलपर्यंतही गेला असता का, याचा विचार करून पाहावा.

आयोजकांची बाजूही अगदीच खोटी नाही. तिकिटं एकेरीच्या नावांवर विकली जातात. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या छोट्या कोर्टवर दुहेरीचे नामवंत खेळतात तेव्हा कितीतरी खुर्च्या रिकाम्या असतात. टीव्हीवर तर सेमीफायनलच्या आधी दुहेरी दिसली तर नशीब. भारतात ज्या लोकांनी बोपण्णाच्या विजयाचे फोटो शेअर केले, त्यांच्यापैकी त्याची एखादी पूर्ण मॅच पाहिलेले किती, हा प्रश्न जरा अडचणीचाच आहे.

पुढे काय झालं?

मार्च २०२४ मध्ये या जोडीने मायामीची मास्टर्स स्पर्धाही जिंकली. फायनलमध्ये समोर इव्हान दोडिग आणि तोच क्रायचेक होता, ज्याच्याकडून बोपण्णाने जानेवारीत पहिला क्रमांक घेतला होता. इंडियन वेल्सचा स्वतःचाच वयाचा विक्रम बोपण्णाने ४४ व्या वर्षी मोडला.

ऑलिंपिकला जोडीदार देशाप्रमाणे ठरतात, त्यामुळे पॅरिसला दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. बोपण्णा एन. श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत गाएल माँफिस आणि एदुआर रॉजे-व्हासलँ या फ्रेंच जोडीकडून हरला आणि भारताकडून खेळणं थांबवत असल्याचं त्याने जाहीर केलं. एब्डनला तिथे ऐनवेळी एकेरीतही उतरावं लागलं, आणि समोर आला नोव्हाक जोकोविच. निकाल ६-०, ६-१. काही दिवसांनी त्याच एब्डनने जॉन पीअर्सबरोबर पुरुष दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. एकेरी आणि दुहेरी हे दोन वेगळे खेळ आहेत, याचा याहून ठळक पुरावा शोधून सापडणार नाही.

२०२४ चा हंगाम संपल्यावर बोपण्णा आणि एब्डन वेगळे झाले. जानेवारी २०२५ मध्ये बोपण्णा कोलंबियाच्या निकोलास बारिएंतोसबरोबर मेलबर्नला परतला आणि पहिल्याच फेरीत हरला. वर्षभरापूर्वीचे २००० पॉइंट खात्यातून वजा झाले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याची शेवटची स्पर्धा होती पॅरिस मास्टर्स, जोडीदार कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक.